बोलिव्हियाचा बेत: ठिकाणं बरोबर, क्रम उलटा

प्रश्न असा आहे: पुण्यातले चार ट्रेकर, वय तीस ते अठ्ठेचाळीस. सह्याद्री नेहमीचाच, एव्हरेस्ट बेस कॅम्पही झालेला. येत्या जूनमध्ये घरून निघून घरी परतेपर्यंत १८ दिवस हाताशी. बेत असा की थेट ला पाझला उतरायचं, तिसऱ्या दिवशी सायकलवरून डेथ रोड हा दरीकाठचा घाट, लगेच हुआइना पोतोसी हे ६,०८८ मीटरचं शिखर, मग उयुनीचं मिठाचं पठार आणि त्यातला तो प्रसिद्ध आरसा, वाटेत पोतोसीची खाण आणि शेवटी आरामाला सुक्रे. दोघं शाकाहारी आहेत, एकाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. हे जमेल का?

ठिकाणं चांगली निवडलीत. पण ज्या क्रमाने लिहिलीत त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने करा. सुक्रे पहिलं आणि डेथ रोड शेवटचा. आणि १८ दिवसांत हे सगळं बसणार नाही. एक तर चार-पाच दिवस वाढवा, नाहीतर हुआइना पोतोसी सोडा. आता कारणं सांगतो.

बेस कॅम्पला तुम्ही ५,३६४ मीटरपर्यंत गेलात, त्यामुळे ‘आम्हाला उंचीचा त्रास होत नाही’ असं तुमच्यापैकी एखादा तरी म्हणत असणारच. पण तिथे तुम्ही लुक्लाला २,८६० मीटरवर उतरलात आणि आठवडाभर चालत, नामचेला आणि दिंगबोचेला एकेक दिवस मुक्काम वाढवत वर सरकलात. तुमच्या शरीराला जी सवय झाली ती त्या संथ चालीमुळे. बोलिव्हियात ही चाल वाट्याला येत नाही. ला पाझचा विमानतळ एल आल्तोला आहे, उंची ४,०६१ मीटर. म्हणजे पांगबोचेपेक्षाही वर तुम्ही विमानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या पोचता, तेही दीड-दोन दिवसांचा प्रवास आणि साडेनऊ तासांचा वेळेतला फरक अंगावर घेऊन. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. बॅगा पट्ट्यावरून उचलतानाच धाप लागते. शहरात उतरलात तरी मुक्काम ३,६०० मीटरच्या आसपास. तंदुरुस्तीचा इथे फारसा उपयोग नाही. फुटबॉलवाल्यांना विचारा. २००९ साली माराडोना प्रशिक्षक आणि मेस्सी मैदानात असताना अर्जेंटिना ला पाझला ६-१ अशी हरली होती. त्याआधी २००७ मध्ये फिफाने २,५०० मीटरच्या वर आंतरराष्ट्रीय सामने खेळवायला बंदी घातली होती आणि बोलिव्हियाने आरडाओरडा करून ती पुढच्या वर्षी उठवायला लावली.

तुमच्या बेतात तिसऱ्या दिवशी डेथ रोड आहे. ती सायकलसफर ४,६५० मीटरच्या वर असलेल्या ला कुम्ब्रे खिंडीतून सुरू होते. डोकं ठणकतंय, दोन रात्री झोप नाही, अशा अवस्थेत दरीच्या कडेने ब्रेक सांभाळत उतरायचं, याला मी साहस म्हणणार नाही. त्यानंतर लगेच सहा हजारी शिखर म्हणजे तर हौसेने आजारपण विकत घेणं.

म्हणून सान्ता क्रूझला उतरा. समुद्रसपाटीपासून जेमतेम ४०० मीटर, गरम, सपाट, पैसेवाल्यांचं शहर. बघण्यासारखं फार नाही, पण भारतातून जाणाऱ्यांना साव पावलो किंवा माद्रिदवरून इथे पोचणं सोपं जातं. थेट विमान कुठूनच नाही. अमेरिकेतून तिकीट स्वस्त मिळालं तर लक्षात ठेवा, नुसतं विमान बदलायलाही आपल्याला तिथला व्हिसा लागतो. सान्ता क्रूझला एक रात्र झोप काढा आणि दुसऱ्या दिवशी देशांतर्गत विमानाने सुक्रे गाठा.

सुक्रे २,८०० मीटरवर आहे. ही बोलिव्हियाची घटनात्मक राजधानी. सरकार बसतं ला पाझला, सर्वोच्च न्यायालय मात्र इथे. ६ ऑगस्ट १८२५ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे झाला ती कासा दे ला लिबेर्ताद चौकातच आहे. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, दुपारी बंद होणारी दुकानं. तुम्ही हे शेवटी आरामाला ठेवलं होतं, पण आराम सुरुवातीलाच हवा आहे. इथे तीन रात्री काढा आणि त्यातला एक दिवस चालायला वापरा. शहराबाहेर चाताकिलाच्या देवळापासून दगडी फरसबंदीची जुनी इंका वाट खाली चाउनाकाकडे उतरते आणि पुढे मारागुआच्या खोलगट दरीत जाते. मारागुआला सगळे ‘क्रेटर’ म्हणतात, पण तिथे उल्का वगैरे पडलेली नाही. खडकांचे थर वळून झालेली ती घडी आहे, आणि तांबड्या-जांभळ्या-हिरव्या पट्ट्यांनी ती लांबूनही ओळखू येते. एका दिवसात सगळं होत नाही, पण उतरणीचा पहिला टप्पा होतो आणि पाय मोकळे होतात. शिवाय सिमेंटच्या खाणीत सापडलेली काल ओर्कोची भिंत आहेच. जवळजवळ उभ्या चुनखडीच्या कड्यावर डायनोसॉरच्या हजारो पावलांचे ठसे आहेत. ते प्राणी भिंतीवर चढले नव्हते, तळ्याकाठचा चिखल पुढे जमिनीच्या हालचालींनी उभा झाला. दख्खनच्या बेसाल्टवर वाढलेल्या माणसाला ही भिंत समजून घ्यायला वेळ लागतो, तेवढा द्या.

सुक्रेहून उयुनीला जाताना पोतोसी शहर लागतं. तीन तासांवर आहे, पण ४,००० मीटरच्या वर. तिथे रात्र काढू नका. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही हा नेहमीचा आडाखा. पोतोसीला राहिलात तर ही उडी १,२०० मीटरची होते. दिवसा चार-पाच तास थांबा, टांकसाळीचं संग्रहालय बघा आणि संध्याकाळपर्यंत उयुनीला या. उयुनी ३,६५० मीटरवर आहे. ही उडीसुद्धा आडाख्यापेक्षा मोठीच आहे, पण सुक्रेच्या तीन रात्रींमुळे बहुतेकांना झेपते.

खाणीबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. सेरो रिको या डोंगरात १५४५ पासून चांदी खणली जाते. स्पेनचं साम्राज्य त्या चांदीवर उभं राहिलं आणि सक्तीने जुंपलेले असंख्य आदिवासी आत मेले. आजही सहकारी संस्थांचे खाणकामगार आत कथील, जस्त, उरलीसुरली चांदी शोधतात. बाहेरच्या बाजारात पर्यटकांनी कोकाची पानं आणि डायनामाइटची कांडी विकत घ्यायची, आत नेऊन कामगाराला भेट द्यायची, एल तिओ या पाताळातल्या दैवताच्या पुतळ्याशेजारी फोटो काढायचा, असा हा कार्यक्रम असतो. सिलिकाची धूळ फुफ्फुसात जाऊन हे कामगार ऐन चाळिशीत झिजतात. डोंगर इतका पोखरलाय की माथा खचतो आहे, आणि म्हणून २०१४ मध्ये युनेस्कोने पोतोसीला धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत टाकलं. माजी कामगारांनी चालवलेल्या सफरी असतात आणि त्यातून त्यांना पैसे मिळतात हा मुद्दा खरा आहे. तरी मी माझ्या गटाला आत नेत नाही. माणसाच्या रोजच्या मरणाला ‘ॲडव्हेंचर’च्या यादीत घालणं मला पटत नाही. तुम्ही तुमचं ठरवा, पण ज्याला रक्तदाब आहे त्याने त्या उंचीवर, धुळीत, वाकून चालायला जाऊ नये एवढं मात्र ठाम सांगतो.

आता उयुनी. आधी आरशाचा निकाल लावू. दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं हे पठार आहे, आणि इतकं सपाट की उंचसखलपणा एक मीटरच्या आत बसतो. त्यावर काही सेंटिमीटर पाणी साचलं की आरसा होतो. पाणी पावसाळ्यात साचतं, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्च. तुम्ही जाताय जूनमध्ये, तो तिथला कोरडा, कडक हिवाळा. शिखरांसाठी मे ते सप्टेंबर हाच योग्य काळ. आरसा आणि शिखर एका सहलीत मिळणार नाहीत. जूनमध्येही ‘आरसा नक्की दाखवतो’ म्हणणारा एजंट कुठल्यातरी डबक्यापाशी नेतो. पण कोरड्या पठाराला कमी समजू नका. मिठाच्या षट्कोनी भेगा कोरड्या ऋतूतच नीट दिसतात. आणि इंकाहुआसी हे मधलं खडकाळ बेट, ज्यावर माणसाच्या कितीतरी पट उंच निवडुंग उभे आहेत, तिथे पावसाळ्यात गाड्या बऱ्याचदा पोचूच शकत नाहीत.

तीन दिवस, दोन रात्रींची जीपसफर घ्या. एका दिवसाची घेऊन परत फिरणारे अर्धा बोलिव्हिया बघायचा सोडतात. पहिला दिवस मिठाचा. पुढचे दोन दिवस दक्षिणेला चिलीच्या सीमेपर्यंत. त्यात लागुना कोलोरादा हे लालभडक तळं, त्यात अन्न शोधणारे तीन जातींचे फ्लेमिंगो, ४,८०० मीटरच्या वरचे सोल दे मान्यानाचे उकळते चिखल आणि वाफा, गरम पाण्याचं कुंड, लिकांकाबुर ज्वालामुखीच्या पायथ्याचं हिरवं तळं. फ्लेमिंगो भिगवणला आणि शिवडीला पाहिलेल्यांना इथे नवल वाटतं ते पक्ष्यांपेक्षा जागेचं. तळ्याच्या काठाला रात्री बर्फ धरलेला असतो आणि हे त्यात उभे.

जीपमध्ये चालकाखेरीज सहा जण बसतात. तुम्ही चौघं आहात, तर दोन अनोळखी येतील किंवा जास्त पैसे मोजून पूर्ण गाडी घ्यावी लागेल. पूर्ण घ्या. वेग, थांबे आणि जेवण तुमच्या हातात राहतं. सगळ्या सीटना पट्टे आहेत का, स्टेपनी दोन आहेत का, हे पैसे देण्याआधी डोळ्यांनी बघा. पठारावर रस्ता आखलेला नसतो, त्यामुळे चालक भरधाव जातात, आणि दारू पिऊन चालवल्याने अपघातही झालेले आहेत. सकाळी तोंडाला वास आला तर गाडीत बसू नका, पैसे गेले तरी चालतील. दुसरी रात्र ४,२०० मीटरच्या आसपास, बिनहीटरच्या खोलीत, आणि जूनमध्ये पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत सहज जातो. स्लीपिंग बॅग भाड्याने मागून घ्या. उन्हाचा मारा खालून, मिठावरूनही येतो, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला क्रीम लावायला विसरू नका. ते हसण्यावारी नेणारा दुसऱ्या दिवशी हसू शकत नाही.

याच सफरीमुळे मी उयुनी शिखराच्या आधी ठेवतो. दिवसा ४,८०० पर्यंत जाऊन रात्री खाली झोपणं ही सरावाची उत्तम पद्धत, आणि इथे ती आयती मिळते. उलट थेट समुद्रसपाटीवरून इथे आलात तर धोका आहे. दुसऱ्या रात्री कुणाला जोराचा त्रास झाला तर पटकन खाली नेता येत नाही. आजूबाजूचं सगळंच उंचावर आहे आणि उयुनीचा दवाखाना कित्येक तास लांब.

त्रासाची लक्षणं तुम्हाला माहीत असतील, तरी दोन गोष्टी बजावतो. दारू प्यायल्यासारखा तोल जात असेल, टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालता येत नसेल, तर ते मेंदूला सूज आल्याचं लक्षण. बसल्या जागी धाप, ओला खोकला, छातीत बुडबुडे, ही फुफ्फुसात पाणी झाल्याची. दोन्हींत औषध एकच, खाली उतरणं, त्याच रात्री. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी तुम्ही नेणारच असाल. साधारण १२५ मिलिग्रॅम दोन वेळा, सुक्रे सोडण्याच्या आदल्या दिवसापासून, ही नेहमीची पद्धत. पण सल्फाची ॲलर्जी असेल तर चालत नाही, आणि ज्याला रक्तदाबाची गोळी आहे त्याने हे स्वतःच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. त्यांना गोळीचं नाव आणि बेतातल्या उंचीचे आकडे दोन्ही सांगा. ती बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारी असेल तर चढताना हृदयाचा वेग हवा तेवढा वाढत नाही. डायमॉक्सही लघवी वाढवतं, रक्तदाबाच्या काही गोळ्याही. घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो, तेव्हा तिथे घाबरगुंडी नको.

उयुनीहून रात्रीच्या बसने किंवा विमानाने ला पाझ. आता तुम्ही आठवडाभर उंचीवर आहात, ला पाझ तुम्हाला जाचणार नाही. शहर बघायला मी गाइड घ्यायला सांगत नाही. केबल कारमध्ये बसा आणि बदलत राहा. २०१४ मध्ये सुरू झालेली मी तेलेफेरिको ही शहराची रोजची वाहतूक आहे, दहा मार्ग, तिकीट काही बोलिव्हियानो. शेजारी शाळेची पोरं आणि बाजाराच्या गाठोड्यासकट आजीबाई, खाली विटांची घरं, समोर ६,४३८ मीटरचा इलिमानी. तितिकाका सरोवर तुमच्या दिवसांत बसत नाही. पुढे कधी पेरूला जाल तेव्हा करा.

शिखराकडे येतो. हुआइना पोतोसीला ‘जगातलं सर्वांत सोपं सहा हजारी’ म्हणून विकतात. ला पाझपासून दीड-दोन तासांवर रस्ता ४,७०० मीटरपर्यंत जातो, म्हणून ते जवळचं आहे. सोपं मात्र नाही. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे काटे), आइस ॲक्स, दोर लागतात, वाटेत हिमभेगा आहेत, मध्येच एक छोटी पण खडी बर्फाची भिंत आहे आणि शेवटचा टप्पा अरुंद आणि दोन्हीकडे दरीचा. बेस कॅम्पचा ट्रेक म्हणजे चालणं होतं, हे गिर्यारोहण आहे. तुमच्यापैकी कुणी उत्तरकाशीच्या निम या गिर्यारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगला बेसिक कोर्स केला असेल तर गोष्ट वेगळी, प्रश्नात तसं काही दिसलं नाही.

दोन दिवसांचा स्वस्त कार्यक्रम मिळतो आणि तीन दिवसांचाही मिळतो. तीनचाच घ्या. पहिल्या दिवशी खालच्या निवाऱ्याजवळ जुन्या हिमनदीवर क्रॅम्पॉन घालून चालण्याचा सराव. दुसऱ्या दिवशी ५,१३० मीटरच्या वरच्या कॅम्पला, दोन-तीन तासांत. संध्याकाळी सहाला आडवं व्हायचं, झोप येत नाही, मध्यरात्री उठायचं, एकच्या सुमाराला निघायचं. पाच ते सात तासांनी माथा, आणि ऊन चढून बर्फ मऊ पडायच्या आत परत. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यापेक्षाही कमी असतो. दहा पावलं, थांबा, पुन्हा दहा पावलं, ही तिथली खरी चाल. सिंहगड तासाभरात चढणाऱ्यांना हा संथपणा सहन होत नाही आणि पहिल्या दोन तासांत तेच संपतात.

एक गोष्ट एजंट आपणहून सांगत नाही. एका गाइडच्या दोरीला दोन जण असतात. त्यातला एक परत फिरला की दुसऱ्यालाही फिरावं लागतं. तुम्ही चौघं, म्हणजे दोन गाइड, दोन दोऱ्या. जोड्या मैत्रीवरून लावू नका, वेगावरून लावा, आणि ते पुण्यातच ठरवा. नवरा-बायको असाल तर शक्यतो वेगवेगळ्या दोरीवर. हे ऐकून लोक हसतात, वर गेल्यावर पटतं.

गाइड आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे यूआयएजीएमचा बिल्ला असलेला घ्या. बोलिव्हियाची संघटना तिची सदस्य आहे, त्यामुळे असे गाइड मिळतात, थोडे महाग पडतात. आयमारा या तिथल्या आदिवासी समाजातली एखादी बाई गाइड मिळाली तर नशीब समजा. पोयेरा हा घेरदार घागरा नेसून शिखरं चढणाऱ्या ‘चोलितास एस्कालादोरास’ मूळच्या याच डोंगरातल्या कॅम्पांवर स्वयंपाक आणि हमाली करायच्या. २०१९ मध्ये त्या आकोनकाग्वा या दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत उंच शिखरावर पोचल्या. जाड बूट, डाउन जॅकेट, क्रॅम्पॉन हे सगळं ला पाझच्या सागार्नागा रस्त्यावर भाड्याने मिळतं, पण बूट आणि क्रॅम्पॉन एकमेकांत बसतात का हे दुकानातच घालून बघा. हातमोजे आणि मोजे घरून न्या.

वाटेची अवस्था दर वर्षी बदलते. शेजारच्या चाकालतायावर एकेकाळी जगातली सर्वांत उंच स्कीची उतरण होती, २००९ पर्यंत ती हिमनदीच संपली. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवरून अंदाज बांधू नका. त्या आठवड्यात वर जाऊन आलेल्या गाइडला विचारा.

दिवस वाढवता आले नाहीत, तर माझा पर्याय कोंदोरिरी. पंख पसरलेल्या कोंदोर गिधाडासारखा दिसणारा डोंगर, त्याच्या कुशीत ४,६०० मीटरच्या आसपास चियार खोता तळं. तिथे तंबूत एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी पिको आउस्त्रिया, ५,३०० मीटरच्या वर. कोरड्या ऋतूत दोर-क्रॅम्पॉनशिवाय, घसाऱ्यातून चढता येतं. तुमच्या बेस कॅम्पच्या उंचीइतकाच माथा, पण समोर हिमशिखरांची अख्खी रांग आणि गर्दी अगदी थोडी. शिखराचा आकडा सहापासून सुरू व्हायला हवा असा हट्ट नसेल, तर मी हाच निवडीन. दिवस वाढवलेत तर आधी कोंदोरिरी, मग एक दिवस ला पाझला पडून राहणं, मग हुआइना पोतोसी.

शेवटी डेथ रोड, आणि तोही एक दिवस आराम करून. खिंडीतून सुमारे ६४ किलोमीटरमध्ये साडेतीन हजार मीटर उतार, बर्फाळ माळावरून थेट केळीच्या बागांत. १९३० च्या दशकात चाको युद्धातल्या पाराग्वेच्या कैद्यांकडून हा रस्ता खोदून घेतला. १९९५ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेने त्याला जगातला सर्वांत धोकादायक रस्ता ठरवलं. २००६ मध्ये नवा रस्ता झाल्यावर ट्रक-बस तिकडे गेल्या आणि जुना सायकलवाल्यांना राहिला. बोलिव्हियात वाहनं उजवीकडून चालतात, फक्त या घाटात डावीकडून. उतरणाऱ्याने दरीच्या बाजूला राहायचं, म्हणजे चालकाला खिडकीतून आपलं बाहेरचं चाक दिसतं, आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. आपल्याला डावी बाजू सवयीची, पण त्या सवयीचा अर्थ इथे दरीची कड असा होतो.

सुरुवातीचा डांबरी टप्पा ब्रेक समजून घेण्यासाठी वापरा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे सस्पेन्शन, हनुवटी झाकणारं हेल्मेट, यात तडजोड नको. ब्रेकचे पॅड किती उरलेत ते स्वतः बघा. दोन बोटं कायम ब्रेकवर, पुढचा ब्रेक एकदम नाही, वळणाआधी वेग कमी आणि वळणात हात मोकळे. रुंद, सोप्या वाटणाऱ्या भागातही अपघात होतात. खाली कोरोइको गावात पोचल्यावर त्याच दिवशी परतीची व्हॅन पकडू नका. कॉफी आणि कोकाच्या मळ्यांचा हा युंगास प्रदेश आहे, जवळच तोकान्यासारखी आफ्रिकन वंशाच्या बोलिव्हियनांची गावं आहेत. आणि १,७०० मीटरवरची झोप दोन आठवड्यांनी काय लागते!

शाकाहाऱ्यांसाठी. ‘सिन कार्ने’ म्हटलंत तर कोंबडी येईल. ‘नी पोयो, नी पेस्कादो’ हेही जोडा. शेंगदाण्याचं सूप, सोपा दे मानी, चवीला आपलंसं वाटतं, पण बहुधा हाडांच्या पाण्यात केलेलं असतं, म्हणून विचारून घ्या. सकाळी मक्याचं जांभळं गरम आपी आणि तळलेला पास्तेल, मक्याच्या पानातलं उमिंता, किन्वाचं सूप, आणि बटाट्याचे इतके प्रकार की मोजायचं सोडून द्याल. याखुआ ही टोमॅटो आणि लोकोतो मिरचीची चटणी दगडावर वाटतात, थेट पाट्यावरच्या ठेच्याची बहीण. जीपसफरीच्या एजंटला शाकाहार लिहून द्या, आणि तरी दाण्याचे लाडू सोबत ठेवा.

कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळेल. प्या, तिथे तो कायदेशीर आहे, पण त्याने उंचीचा आजार टळतो असं समजू नका. आणि एकही पान, एकही पिशवी बॅगेत घालून भारतात आणू नका. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात कोकाचं पान थेट येतं.

डॉलर रोख न्या, नव्या, न चुरगळलेल्या नोटा. बरीच वर्षं सरकारी दर एका डॉलरला ६.९६ बोलिव्हियानोच्या आसपास स्थिर होता, २०२३ पासून डॉलरची टंचाई झाली आणि बाजारातला दर वेगळा पडला. निघायच्या आठवड्यात चौकशी करा. अलीकडच्या वर्षांत डिझेलचीही टंचाई झाली, आणि रास्ता रोको तर तिथलं नित्याचं. मागण्या असल्या की दगड-टायर टाकून महामार्ग दिवसचे दिवस अडवतात, आणि पर्यटक म्हणून सूट मिळत नाही. अडथळा जबरदस्तीने ओलांडू नका. म्हणूनच परतीच्या विमानाआधीचा दिवस रिकामा ठेवा आणि ला पाझ ते सान्ता क्रूझ विमानानेच जा.

विम्यात उंचीची मर्यादा वाचा. अनेक पॉलिसी ठरावीक मीटरच्या वर किंवा दोर वापरला की हात वर करतात. नेपाळसारखं फोन केला की हेलिकॉप्टर, हे इथे गृहीत धरू नका. खाली आणायचं ते माणसांनीच.

व्हिसाचे नियम बदलत असतात, दिल्लीतल्या दूतावासाकडून ताजी माहिती घ्या. पीतज्वराची लस मात्र आजच ठरवा. युंगाससारख्या सखल भागासाठी ती गरजेची आहेच, शिवाय बोलिव्हियाहून परतताना भारतात शिरताना तिचं कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी आणि फक्त सरकारमान्य केंद्रावर घेतलेली लसच चालते. तिथे वेळ मिळायला कधीकधी आठवडे जातात, म्हणून तिकिटं काढाल त्याच दिवशी केंद्रावर नाव नोंदवा.